गालाला मार लागल्यावर आलेला बधिरपणा: काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

दुचाकीवरून पडणं, क्रिकेटचा चेंडू गालावर बसणं, मोरीत घसरून नळावर तोंड आपटणं. कारण काहीही असो, सूज उतरते, टाके निघतात आणि मग लक्षात येतं की एका बाजूचा गाल, नाकपुडीची कड आणि वरचा ओठ बधीर आहे. दाताच्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन उतरायलाच तयार नाही, असं वाटत राहतं. यानंतर बऱ्याच घरांत जे सुरू होतं त्याचा क्रमच उलटा असतो. आधी कोमट तेल, मग शेक, मग ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ‘नसांच्या गोळ्या’ आणि महिन्याभराने कधीतरी सीटी स्कॅन. तोवर सरकलेलं हाड चुकीच्या जागी जुळायला लागलेलं असतं.

हा लेख मुख्यतः गालाच्या हाडाला मार लागून येणाऱ्या बधिरपणाबद्दल आहे. हनुवटी आणि कपाळासाठी जे वेगळं आहे ते त्या त्या जागी येईल.

१. पहिले काही तास: बधिरपणा बाजूला ठेवा, धोका शोधा

नुसता बधिरपणा ही रात्रीतून धावपळ करायची गोष्ट नाही. त्याच्यासोबत आणखी काय आहे, ते आधी बघायचं. खालीलपैकी एक जरी असेल तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा, नाहीतर १०८ ला फोन करा:

- नजर धूसर होत चालली आहे, किंवा डोळा दुखतोय, ताणलेला आणि पुढे आल्यासारखा वाटतोय. इथे तासांचाच काय, मिनिटांचाही फरक पडतो.
- एकाच्या दोन वस्तू दिसतात.
- शुद्ध गेली होती, पुन्हा पुन्हा उलट्या होतात किंवा गुंगी वाढत चालली आहे.
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही गळतंय.
- वरचे-खालचे दात नेहमीसारखे एकमेकांवर बसत नाहीत, तोंड नीट उघडत नाही.
- तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडलाय.

लहान मुलांच्या बाबतीत एक फसवा प्रकार असतो. चेंडू किंवा कोपर लागल्यावर डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो, लाली नाही, सूज नाही. पण मुलाला वर बघता येत नाही आणि वर बघायला लावलं की मळमळतं, उलटी होते. मुलांचं हाड लवचिक असल्यामुळे डोळ्याखालचं पातळ हाड तडकतं आणि परत मिटतं, त्यात डोळा हलवणारा स्नायू अडकतो. ‘डोळा तर चांगला दिसतोय, सोमवारी दाखवू’ असं म्हणू नका. त्याच दिवशी दाखवा.

> थांबा: गालाला जोराचा मार लागला असेल तर नाक शिंकरू नका. गालाच्या हाडामागे हवेची पोकळी असते. तिची भिंत तडकलेली असेल तर शिंकरल्याबरोबर हवा डोळ्याभोवतीच्या कातडीखाली शिरते, पापणी टम्म फुगते आणि बोट लावलं की कुरकुर लागते. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, फुगे फुगवणं, विमानप्रवास हे सगळं किमान दोन आठवडे आणि पुढे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद.

सुजेसाठी बर्फ चालतो, पण फडक्यात गुंडाळून आणि घड्याळ लावून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. बधीर कातडी ‘आता पुरे’ म्हणून सांगत नाही, त्यामुळे ‘सोसवेल तितका वेळ’ हा नियम इथे लागू पडत नाही. झोपताना उशाला दोन उशा घ्या. दुखण्यासाठी ॲस्पिरिन असलेली गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी ती आधीपासून चालू असेल तर स्वतः बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.

२. कोणती नस दुखावली: आरशासमोर दहा मिनिटं

धोक्याचं काही नाही हे कळल्यावरची ही पायरी. चेहऱ्याला स्पर्श कळतो तो एका नसेमुळे आणि चेहरा हलतो तो दुसरीमुळे. या दोन्हींची गल्लत करून ‘लकवा आलाय’ म्हणत भलतेच उपचार सुरू होतात, म्हणून आधी हालचाल बघा. भुवया उंच करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा. दोन्ही बाजू सारख्या हलत असतील तर हालचालीची नस शाबूत आहे. एक डोळा मिटतच नसेल तर प्रश्न वेगळा आहे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. न मिटणारा डोळा कोरडा पडून त्याला जखम होते.

आता स्पर्श. कापसाचा पातळ धागा ओढून घ्या आणि आधी चांगल्या बाजूवर, मग तशाच जागी दुसऱ्या बाजूवर फिरवा.

खालची पापणी, गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि त्या बाजूचे वरचे पुढचे दात बधीर असतील, तर ती डोळ्याखालची नस. ही नस डोळ्याच्या खोबणीच्या तळातून येते आणि खालच्या कडेच्या थोडं खाली एका भोकातून गालात उतरते. गालाचं हाड मोडतं तेव्हा तडा बऱ्याचदा याच वाटेने जातो, म्हणून ती सापडते. खालचा अर्धा ओठ, हनुवटी आणि खालचे दात बधीर असतील तर जबड्याच्या हाडातून जाणारी नस. भुवईपासून वर कपाळ आणि पार टाळूकडे बधीर असेल तर भुवईवरची नस, जी तिथल्या कापल्याच्या जखमेत सहज सापडते. आणि फक्त जखमेच्या कडेने रुपयाएवढी जागा बधीर असेल तर कातडीतल्या बारीक फांद्या तुटल्या आहेत, त्याची फार काळजी नको.

> तपासा: वरच्या दातांवर नखाने टकटक करा. दात आणि हिरडीही बधीर, ‘लाकडी’ लागत असतील तर नस हाडातल्या वाटेवरच दुखावलेली असण्याची शक्यता जास्त. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण घाईच्या तपासणीत दातांबद्दल कोणी विचारत नाही.

दोन गोष्टी या लेखाच्या बाहेरच्या आहेत. बधिरपणा चेहऱ्यावरून हातापायाकडे पसरत असेल किंवा दोन्ही बाजूंना असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. आणि काहीही मार न लागता हनुवटी बधीर झाली असेल तर ते कधीच अंगावर काढू नका. क्वचित त्यामागे गंभीर आजार निघतो.

३. पहिले दोन आठवडे: आधी हाडाचा निकाल लावा

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. बधिरपणा हे लक्षण आहे. नस दबलेली आहे, ताणली आहे की तुटली आहे, हे हाडाची स्थिती बघितल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. आणि हाड थांबत नाही. साधारण दोन आठवड्यांनंतर ते आहे त्या जागी जुळायला लागतं आणि मग सरळ करणं अवघड होतं, कधी पुन्हा मोडून बसवावं लागतं.

कोणाकडे जायचं? तोंड आणि जबड्याचे सर्जन, म्हणजे पाटीवर ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल’ लिहिलेलं असतं ते. प्लास्टिक सर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञही ही कामं करतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. ‘दातांच्या दवाखान्यात गालाच्या हाडाचं काय काम?’ असं वाटून लोक तिथे जात नाहीत, पण हे काम तिथलंच आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणारे ‘आरोग्यमित्र’ बसतात. दाखल होण्याआधी त्यांना भेटा, नंतर नाही.

तपासणीत तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला, ‘डोक्याचा सीटी नॉर्मल आला’ म्हणून निर्धास्त होणं. अपघातानंतर घाईत काढलेला सीटी मेंदूत रक्तस्राव आहे का हे बघण्यासाठी असतो. त्यात चेहऱ्याची हाडं पूर्ण येतीलच असं नाही. चिठ्ठीवर ‘चेहऱ्याची हाडं’ किंवा ‘डोळ्याची खोबण’ असं लिहिलेलं आहे का, ते बघा. साध्या एक्स-रेमध्ये डोळ्याखालचं पातळ हाड नीट दिसत नाही.

दुसरा, सूज असताना ‘गाल सारखे दिसतायत’ म्हणणं. आत दबलेला गाल सुजेने भरून निघतो आणि आठवड्याने सूज ओसरल्यावर खड्डा दिसतो. पाचव्या ते सातव्या दिवशी पुन्हा दाखवायला जा. घरी बघायचं असेल तर माणसाला खुर्चीत बसवून, मागे उभं राहून, कपाळावरून खाली गालांकडे नजर टाका. समोरून न कळणारा फरक या कोनातून कळतो.

तिसरा घोळ कागदांचा. शस्त्रक्रिया ठरली तर त्याआधी ‘अमुक जागा बधीर आहे’ ही नोंद केसपेपरवर करून घ्या. सर्जनला त्या नसेच्या अगदी शेजारी काम करावं लागतं, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बधिरपणा वाढू शकतो. आधीची नोंद नसेल तर आधीचं किती आणि नंतरचं किती, याचा पुढे कोणालाच पत्ता लागत नाही. रस्ता अपघात असेल तर एमएलसीचा (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीचा) क्रमांक, सीटीच्या फिल्म किंवा सीडी आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कायमच्या बधिरपणाबद्दल काही मागायचं झालं तर पहिल्या आठवड्यातली नोंद लागते.

प्रत्येक मोडलेल्या हाडाला प्लेट लागत नाही. हाड जागेवर असेल, नजर आणि चावणं ठीक असेल, तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. डॉक्टरांना एवढं विचारा: हाड सरकलंय का? सरकलेला तुकडा नसेच्या वाटेवर दाबतोय का? आणि थांबायचं ठरवलं तर पुन्हा कधी बघणार?

४. बधीर जागेला जपणं (ही पायरी पहिल्या दिवसापासूनच)

बधीर कातडीला दुखत नाही, म्हणून तिला इजा होते ती कळत नाही. मूळ मार बरा होत असताना दुसऱ्याच जखमा घेऊन येणारे कमी नाहीत.

चहा सगळ्यात धोकादायक. बधीर ओठाने स्टीलच्या पेल्यातला चहा पिताना कड ओठाला टेकल्याचं कळत नाही, चटका बसतो आणि तासाभराने आरशात फोड दिसतो. चहा बशीत ओता, आधी चांगल्या बाजूच्या ओठाने अंदाज घ्या. घास चांगल्या बाजूने चावा. जेवताना मोबाईल नको, ओठाची आतली बाजू दाताखाली येऊन सोलली जाते. ओठाला भाताचं शीत चिकटून राहिल्याचं कळत नाही, त्याची लाज वाटून माणसं चारचौघांत जेवणं टाळतात. रुमाल हाताशी ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा, एवढंच.

शेकाची पिशवी, विटेचा शेक, गरम फडकं, सर्दीसाठी वाफ: बधीर बाजूला यातलं काही नको. भाजतं तेव्हा कळत नाही. बाम चोळू नका. पहिल्या आठवड्यांत मालिश तर अजिबातच नको. हाड सरकलेलं असेल तर अंगठ्याने दाबून केलेलं मालिश ते आणखी सरकवू शकतं.

तंबाखू-चुन्याची गोळी बधीर हिरडीत ठेवणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगायला हवं: चुना हिरडी जाळतो आणि तुम्हाला ते जाणवणार नाही. मिशरीचंही तेच. शिवाय तंबाखू आणि धूम्रपान दोन्हींनी जखम आणि हाड भरून यायला वेळ लागतो.

दाढी आरशासमोर आणि शक्यतो ट्रिमरने करा. थ्रेडिंग, वॅक्सिंग पुढे ढकला. हेल्मेटचं गालाकडचं पॅड मोडलेल्या हाडावर दाबतं, म्हणून सर्जन सांगेपर्यंत गाडी चालवू नका. हेल्मेट न घालता चालवणं हा त्यावरचा तोडगा नाही.

> तपासा: रोज रात्री, दात घासून झाल्यावर, उजेडात ओठाची आतली बाजू, हिरडी आणि गाल बघा. फोड, पांढरा चट्टा, चावल्याची खूण आहे का? डोळा दुखत नसताना लाल दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

५. आठवड्याला एकदा नकाशा

लोक दिवसातून वीसदा गाल चाचपतात आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून खचतात. याचं कारण नसेच्या वेगात आहे. नस नुसती दबली किंवा हबकली असेल तर संवेदना काही दिवसांत ते साधारण तीन महिन्यांत परत येते. आतला धागा तुटून वरचं वेष्टण शाबूत असेल तर धागा नव्याने वाढावा लागतो आणि तो वाढतो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. आजच्या आणि उद्याच्या गालात फरक दिसणारच नाही. नस पूर्ण तुटलेली असेल तर ती आपोआप नीट जुळण्याची आशा कमी.

म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. भुवया कोरायची पेन्सिल घ्या. डोळे मिटून, घरच्या माणसाकडून कापसाचा धागा चांगल्या भागाकडून बधीर भागाकडे हळूहळू सरकवून घ्या. ‘आता कमी लागतंय’ म्हणाल तिथे ठिपका. नाकाकडून, कानाकडून, पापणीकडून, हनुवटीकडून असं चारही दिशांनी करा आणि ठिपके जोडा. गालावर एक ओबडधोबड बेट तयार होईल. सारख्याच उजेडात, सारख्याच अंतरावरून फोटो काढा, तारीख घाला आणि पुसून टाका. तपासणाऱ्याने मधूनच स्पर्श न करताही ‘लागलं का?’ विचारावं, म्हणजे अंदाजाने दिलेली उत्तरं पकडली जातात.

टाचणीने टोचून बघू नका. बोथट-टोकदार कळतं का बघायचं असेल तर काडेपेटीच्या काडीची दोन टोकं पुरतात.

महिन्याने फोटो शेजारी ठेवा. बेट कडेने आक्रसत असेल तर नस परतीच्या वाटेवर आहे. मधल्या काळात मुंग्या येणं, खाज सुटणं, मधूनच बारीक करंट लागल्यासारखं होणं हे बहुधा चांगलंच लक्षण असतं. खाजवू मात्र नका, नख लागल्याचं कळत नाही.

६. स्पर्शाचा सराव

नस परत येते तेव्हा मेंदूकडे जाणारा निरोप सुरुवातीला विस्कळीत असतो. ओठाला हात लावला तर नाकाला लावल्यासारखं वाटतं. सरावाने नस लवकर वाढत नाही, पण आलेला निरोप लावायची सवय मेंदूला होते. हा फरक लक्षात ठेवा, म्हणजे सरावाकडून भलती अपेक्षा राहणार नाही.

कधी सुरू करायचा? जखम भरली आहे, सर्जनची हरकत नाही आणि बधीर भागात निदान फिरणारा स्पर्श पुसटसा तरी कळतो, तेव्हा. त्याआधी घाई नको.

१. आरशासमोर बसा. मेकअपचा किंवा चित्रकलेचा मऊ, स्वच्छ ब्रश घ्या. चांगल्या बाजूवर वरून खाली फिरवा, नीट बघा, कसं वाटतं ते ध्यानात घ्या.
२. तोच ब्रश तसाच बधीर बाजूवर फिरवा, आरशात बघत.
३. डोळे मिटा आणि पुन्हा फिरवा. कोणत्या दिशेने गेला, ते मनाशी म्हणा.
४. हे जमू लागलं की एका जागी टेकवून ‘कुठे टेकला’ ते ओळखा.
५. मग कापड बदला: मलमल, टॉवेल, लोकर.

प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. टीव्ही बघत केलेल्या सरावाचा उपयोग नाही, लक्ष स्पर्शावरच हवं.

> थांबा: हलका स्पर्शही जळजळीत किंवा झोंबरा लागत असेल तर जोर वाढवू नका. सराव थांबवून डॉक्टरांशी बोला. वारा लागला तरी दुखणं, सतत जळजळ, विजेसारख्या कळा हे नसेचं दुखणं आहे. साध्या वेदनाशामकांनी ते फारसं शमत नाही, त्यासाठी वेगळी औषधं असतात आणि ती चिठ्ठीवरच घ्यायची.

७. गोळ्यांबद्दल थोडक्यात

मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, आपल्याकडे बधिरपणा म्हटलं की सर्रास दिलं जातं. शरीरात बी-१२ कमी असेल तर त्याचा उपयोग आहे. शुद्ध शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या मंडळींत ते कमी असण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा रक्त तपासून घ्या. पण दबलेल्या नसेवरचं हाड गोळी उचलत नाही. आणि ‘नसांच्या’ काही गोळ्यांत बी-६ जास्त असतं. ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना बधिरपणा येतो. पाकिटामागची मात्रा डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइड मनाने घेऊ नका. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे कोणत्याही गोळीपेक्षा जास्त कामाचं.

८. तीन महिन्यांची तारीख आजच लिहून ठेवा

कॅलेंडरवर अपघातानंतरच्या तीन महिन्यांवर खूण करा. त्या दिवशी सगळे फोटो घेऊन सर्जनकडे जायचं, बरं वाटत असलं तरी.

बेट आक्रसतंय, मुंग्या येतायत, दुखणं नाही, असं असेल तर सराव चालू ठेवायचा आणि थांबायचं. पुढेही, वर्षभरापर्यंत आणि काहींना त्यानंतरही, हळूहळू फरक पडतो. पण तीन महिन्यांत काहीच हललेलं नसेल किंवा दुखणं वाढत असेल, तर ‘अजून सहा महिने बघू’ एवढ्यावर परत येऊ नका. नसेवर कुठे दाब आहे का, शस्त्रक्रियेतली प्लेट किंवा स्क्रू लागतोय का, पुन्हा सीटी करायचा का, हे विचारा. खालच्या ओठाची आणि जिभेची नस तुटली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येते. ते काम करणारे थोडे आहेत आणि उशीर होईल तसा फायदा कमी होतो, म्हणून त्यांच्याकडे पाठवण्याची चिठ्ठी वेळेत मागा.

काहींचा थोडासा भाग कायमचा बधीर राहतो, बहुधा वरच्या ओठाचा किंवा नाकपुडीच्या कडेचा. तशा माणसाने दाताच्या डॉक्टरांना दर भेटीत हे सांगायचं: त्या बाजूचा दात किडला तरी ठणका लागणार नाही. सहा महिन्यांनी एकदा दात दाखवायचे, दुखत नसले तरी.